डाव्या वळणाची गोगलगाय

४ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! बाबा, मी, सामानाची खोकी आणि बाबांनी सगळ्या प्रवासात मांडीवरून खाली न ठेवलेला टेबललॅम्प. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, दोन खोल्यांचं, आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट संग्रहालयाच्या मागच्या अंगणाकडे उघडते. मी डबा विसरले तर तो खिडकीतून फेकायला हरकत नाही, असं मी बाबांना सुचवलं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. आयुष्यभर त्यांनी चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या. कुठलीही वस्तू फेकायची म्हटलं की ते आधी ती झेलायला हात पुढे करतात.

उद्यापासून संग्रहालयाच्या शंख विभागात रुजू. काम असं: जमिनीवरच्या गोगलगायी ओळखायच्या, कोण कुणाच्या कुळातली ते ठरवून जागच्या जागी लावायच्या, आणि आजवर कुणालाच माहीत नसलेली एखादी सापडली तर तिला शास्त्रीय नाव द्यायचं. मावशीला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, लहानपणापासून सगळ्यांना नावं ठेवतेसच की, आता निदान पगार मिळेल.

खोकी फोडायच्या आधी बाबांनी भिंतीवर धाकटीचा फोटो लावला. धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. दोन वर्षांपूर्वी गेली, फुप्फुसांच्या आजाराने. तिला छान नाव होतं, बाबांनीच हौसेने शोधलेलं, पण घरात ते कुणी वापरलंच नाही. ती आली तीच धाकटी म्हणून. फोटो लावून झाला तरी बाबा बराच वेळ हातोडी धरून तसेच उभे होते. मी चहा टाकला. इथे जमेल आपलं, असं वाटतंय.

१२ फेब्रुवारी

माझी खोली मला पसंत आहे. भिंतीभर लाकडी कपाटं, त्यांत चपटे खण, खणांत कापसावर शंख. जुन्या पुठ्ठ्याचा आणि स्पिरिटचा वास. कोपऱ्यात एक नळ आहे, तो संचालकबाई आत आल्या की नेमका गळायला लागतो.

आमच्या शास्त्रातली एक गंमत आज बाबांना समजावली. नवीन जातीचं नाव त्या जातीतल्या झाडून सगळ्यांना मिळतं, पण ते बसतं मात्र एकीवरच. एक गोगलगाय निवडायची, स्पिरिटच्या बरणीत ठेवायची, बरणीला लाल चिठ्ठी लावायची. तो मूळ नमुना. पुढे जगात कुणालाही शंका आली की या नावाची म्हणजे नेमकी कोण, तर त्याने येऊन त्या बरणीत बघायचं. नाव तिथे असतं. बाबा म्हणाले, म्हणजे बाकीच्या सगळ्या उसन्या नावावर जगतात तर.

माझ्या आधी या जागेवर असलेले गृहस्थ कधीच निवृत्त झालेत. सगळे त्यांना शंखआजोबा म्हणतात. ते अजून दर बुधवारी येतात, कपाटातून लाल चिठ्ठीची एक बरणी काढतात, खिडकीपाशी बसून बघत राहतात आणि संध्याकाळी परत जागेवर ठेवून जातात. त्यांना कुणी काही विचारत नाही. आज मात्र ते माझ्याशी आपणहून बोलले. रंगावरून नाव ठेव, आकारावरून ठेव, डोंगराचं दे, ओढ्याचं दे, पण माणसाचं देऊ नकोस, म्हणाले. का, असं मी विचारलं. तर म्हणे, कारण आठवत नाही, म्हणूनच सांगतोय. मी हसू आवरलं. वयाचा मान राखायला हवा.

२३ फेब्रुवारी

आज मला आभाळ ठेंगणं झालंय!

वनखात्याच्या माणसांनी डोंगरातून ओल्या पानांचा एक डबा आणून दिला. पानांखाली गोगलगायी, नखाएवढ्या, मधाच्या रंगाच्या. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे असा धरला, तर बहुतेक सगळ्यांचं तोंड आपल्या उजव्या हाताला येतं. यांचं डाव्या हाताला. एकूण एक डावऱ्या. मी खोलीत एकटीच मोठ्याने हसले, कारण आमची धाकटी डावरी. लिहिताना तळव्याची कड कायम शाईने माखलेली. जेवायला बसली की तिचं कोपर माझ्या कोपरावर आपटायचं आणि वर मलाच म्हणायची, ताई, तुझा हात चुकीचा आहे.

पुस्तकं पालथी घातली, खण उपसले. जवळपासची एक आहे डावऱ्या वळणाची, शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी नाव दिलेली, पण ती बरीच उंच. ही नवीनच. जिना धावत चढून बाबांना सांगितलं.  ते हातातला चष्मा पुसत राहिले, आणि मग त्यांनी धाकटीचं नाव घेतलं, शाळेच्या दाखल्यावरचं, पूर्ण. म्हणाले, तेच ठेव. आपण दोघं गेल्यावर ते घ्यायला कोण उरणार आहे?

नाव इथे लिहीत नाही. छापून येईपर्यंत नवीन नाव कुठेही लिहायचं नाही, असा आमच्यातला दंडक आहे.

१५ मार्च

आज नकोसं काम केलं. गोगलगाय अभ्यासायची तर ती शंखाबाहेर आलेल्या स्थितीत मरावी लागते, नाहीतर आत आक्रसून बसते. त्यासाठी पाणी उकळून गार करायचं, बाटलीत काठोकाठ भरायचं, बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही, आणि तिला आत सोडून झाकण लावायचं. हवा शोधत ती बाहेर येते. मान लांब करते, शिंगं ताणते. दिवसभर चालतं ते.

मूळ नमुना म्हणून सर्वांत सुबक होती तिला निवडलं होतं. मला बघवेना. शेवटच्या आठवड्यात धाकटी अशीच मान उंच करून श्वास शोधत होती आणि मी तिच्या उशाशी बसले होते. बाटलीवर टॉवेल टाकला आणि अंगणात जाऊन रडले. बाबांना सांगितलं नाही.

२ एप्रिल

चित्र पूर्ण झालं. शंखावरची रेघ न् रेघ मोजून काढली आहे; बाबांनी भिंगाची काच नव्याने घासून दिली म्हणून जमलं. निबंधात स्वच्छ लिहिलं: हे नाव लेखिकेच्या दिवंगत धाकट्या बहिणीवरून. शंखआजोबांनी ती ओळ वाचली आणि तिच्यावर तळवा दाबून धरला. नको ग पोरी, नको, एवढंच म्हणत राहिले. त्यांना रिक्षात बसवून घरी पाठवलं. संचालकबाई म्हणाल्या, मनावर घेऊ नकोस, ते असेच आहेत.

३ जून

छापून आलं. बाबांनी नाव मोठ्याने वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग मावशीला फोन लावून तिला ऐकवलं. दोघंही फोनवर रडली. बाबा म्हणाले, दोन वर्षांत आज पहिल्यांदा छातीवरचा दगड हलला. एकदा छापलेलं नाव कुणालाही मागे घेता येत नाही, मलाही नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्याचा त्यांना फारच आनंद झाला.

८ जून

जेवताना सहज धाकटीचा विषय काढला, मुद्दाम नाव घेऊन. बाबा म्हणाले, तुझी गोगलगाय ना? काय झालं तिला? मी हसले. ते हसले नाहीत. उत्तराची वाट बघत होते.

११ जून

बाबांनी फोटोकडे बोट दाखवून विचारलं, ही तुझी मैत्रीण का, आणि आपल्या घरात हिचा फोटो कशाला.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खूप प्रश्न विचारले. बाबांना सगळं आठवतं. दुकानाचा मालक, आई गेली तो दिवस, माझा जन्म, लहानपणी मी गिळलेलं बटण. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकी लख्ख आठवण कमी लोकांची असते. मी विचारायला सांगितलं, मुली किती. बाबांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं आणि एक बोट वर केलं.

१२ जून

मावशीला फोन केला. म्हटलं, बाबा धाकटीला विसरले ग. मावशी म्हणाली, कुठली धाकटी? मी नाव सांगितलं. ती म्हणाली, अगं हो, ती तुझी गोगलगाय, छान नाव दिलंस हो. मग म्हणाली, बाबांना जप, तू त्यांची एकुलती एक.

हिने धाकटीला न्हाऊमाखू घातलंय. आई गेल्यावर वर्षभर पदराखाली घेऊन झोपलीय तिला.

१६ जून

बरणी काढली. का काढली सांगता येत नाही.

शंखावर चरा आहे. सर्वांत बाहेरच्या वेढ्यावर, तोंडाच्या जरा वर, तिरपा. माझ्या चित्रात तो नाही. मी रेघ न् रेघ मोजली होती. बरणी तेव्हापासून बंद आहे, झाकणावरचं मेण तसंच आहे.

धाकटीच्या डाव्या भुवईवर असाच व्रण होता. झोपाळ्यावरून पडली होती.

घरी येऊन फोटो बघितला. भुवई कोरी आहे.

१८ जून

बुधवार. शंखआजोबा आले नाहीत, मीच त्यांच्या घरी गेले. एकटे राहतात. एका खोलीत छोटा पलंग, त्यावर स्वच्छ चादर, खुंटीला लहान मुलीचे फ्रॉक, धुऊन इस्त्री केलेले. हे कुणाचे, मी विचारलं. म्हणाले, आधीच्या भाडेकरूंचे असतील, ते परत आले तर लागतील म्हणून मी धुऊन ठेवतो.

निघण्याआधी मी त्यांच्या त्या बरणीतल्या शंखावरचा जुना निबंध वाचला होता. त्यात छापलंय: हे नाव माझ्या मुलीवरून, जिला हा शंख पहिल्यांदा सापडला. मी त्यांना ते सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, हो, बऱ्याचदा वाचलंय मी. वाचून होतं. लागत नाही कुठे. बुधवारी ती बरणी बघताना मात्र इथे दुखतं, आणि त्यांनी छातीला हात लावला. तेवढंच आहे माझ्याकडे, म्हणून चुकवत नाही.

त्यांची मुलगी जिवंत होती की नाही, कुठे गेली, काय झालं, कुणाला विचारू? कुणालाच माहीत नाही.

त्यांच्या बरणीतला शंख मी आज पहिल्यांदा भिंगाखाली धरला. चरे, डाग, व्रण; त्यावर तसूभरही जागा कोरी नाही.

२० जून

बाबा आज गुणगुणत होते. भाजी चिरताना. दोन वर्षांनी. झोपही लागते त्यांना आता, सरळ सकाळपर्यंत. खाल्लेलं अंगी लागतंय. गालांवर रंग आलाय.

त्यांना परत त्या खाईत ढकलायचं? कुठल्या तोंडाने? आणि नाही ढकललं, तर ती कुणाची? आता तिचं माझ्याशिवाय कोणी नाही. मी विसरले की ती नव्हतीच.

तिचा आवाज मला आज आठवला नाही. सकाळपासून प्रयत्न करतेय. शब्द आठवतात. आवाज नाही.

२२ जून

एक वाट आहे. आमच्या शास्त्रात जुनं नाव जिंकतं. माझी गोगलगाय नवीन नाहीच, तिला आधीच कुणीतरी नाव दिलेलं आहे, असं सिद्ध झालं, तर माझं दिलेलं नाव पडतं. तिच्यावरून उतरतं. उतरून कुठे जाईल, मला माहीत नाही. पण घरी येईल, अशी आशा धरते.

ती उंच डावरी, शंभर वर्षांपूर्वीची. तिच्या आतल्या अवयवांचं जुनं चित्र दुसऱ्या संग्रहालयाकडे आहे. मागवलंय.

शंखआजोबांना सांगितलं. म्हणाले, मीही हेच सुरू केलं होतं बहुतेक. मध्येच कळेनासं झालं, कशासाठी करतोय. मग सोडून दिलं. म्हणाले, तू घाई कर.

२६ जून

चित्र आलं. आमच्या डब्यातल्या दोघी कापून बघितल्या. जुनीशी मिळतात. तंतोतंत! उंचीचा फरक वरवरचा. मी चुकले होते! आनंदाने नाचावं अशी चूक.

पण या दोघींनी भागत नाही. नाव बरणीतल्या तिच्यावर बसलंय. संचालकबाई म्हणाल्या, आपलीच नवीन जात बुडवायची इतकी कसली घाई, आणि पुरावा हवाच असेल तर मूळ नमुनाच कापून दाखवावा लागेल.

बरोबर आहे त्यांचं. कापेन. उद्या.

तिला कुठला रंग आवडायचा — आत्ता होतं माझ्या तोंडावर —

२७ जून

मेण फोडलं. तिला पांढऱ्या बशीत काढलं. सुरी नवीन होती. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं.

भुवईवरचा चरा. त्याखाली आता तीळ. आणि तळव्याची कड जिथे असती तिथे, पायाच्या डाव्या काठाला, निळं. शाईसारखं. नाही, शाईच. बोटाला लागली माझ्या.

मान अजून तशीच उंच. हवा शोधणारी.

सुरी टेकवली. मान तशीच आणि मी तिच्या उशाशी —

नाही झालं माझ्याने. धाकटे, नाही ग झालं. तुला सोडवायला तुलाच कापू? मला माहीत आहे, कापायलाच हवं होतं. हात चालला नाही.

उद्या पुन्हा बघते. मन घट्ट करून. उद्या नक्की —

२८ जून

लिहून ठेवते. डावरी. कोपर आपटायची. ताई म्हणायची. झोपाळा. पोहायला घाबरायची, की — ती मीच? शाई.

आईसारखे केस. असावेत.

ताई म्हणायची.

ताई म्हणायची.

३० जून

टेबलावर बशी होती, सुरी, आणि मूळ नमुना उघड्यावर सुकत चाललेला. इतका हलगर्जीपणा माझ्या हातून कसा झाला? लगेच बरणीत ठेवला, नवीन मेण लावलं. शेजारी माझ्याच अक्षरात अर्धा निबंध, माझीच जात खोटी ठरवणारा. कशाला बुडवू मी ती? किती सुरेख आहे. फाडून टाकला.

शंखआजोबा दारात उभे होते. आज बुधवार नव्हता. त्यांनी मला फाडताना बघितलं आणि भिंतीला धरून मटकन खाली बसले. त्यांना पाणी दिलं. का रडता, विचारलं. त्यांनाही सांगता येईना.

२ जुलै

मागची पानं चाळली. कुणी धाकटी आहे त्यात. अक्षर माझं. सगळं समजतं वाचताना, अगदी ओळ न् ओळ, पण

भिंतीवरचा फोटो बाबांनी काढला. खिळा राहू दिला. मी म्हटलं, राहू दे.

आज बरणीसमोर किती वेळ गेला कळलं नाही. काम पडून राहिलं.

६ जुलै

मागवलेला जादा अंक घरी आला. बाबांनी मोठ्याने वाचून दाखवला. नाव लेखिकेच्या धाकट्या बहिणीवरून, अशी एक ओळ त्यात आहे. बाबा म्हणाले, छापणाऱ्यांनी दुसऱ्या कुणाची ओळ तुझ्यात घातली वाटतं. मी म्हटलं, असेल.

मग कुणावरून ठेवलंस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणावरून नाही, कानाला गोड वाटलं.

खरंच गोड आहे, म्हणाले. दोनतीनदा म्हणून बघितलं. मग म्हणाले, तुझ्या पाठीवर आणखी एक मुलगी झाली असती ना, तर मी तिचं हेच नाव ठेवलं असतं.

आम्ही दोघंही हसलो. हसता हसता बाबांना रडू फुटलं — आणि मलाही — थांबतच नाहीये, अजून बसलेत ते समोर, माझा हात धरून, आणि पुन्हा पुन्हा मलाच विचारतायत, बाळ, कोण गेलं आपलं, आणि मी